आठ ओळी आणि एक पंखा

४ जून

प्रिय मामा,

फोनवर मी एक सांगते आणि तू दुसऱ्याच कशाचं उत्तर देतोस. परवा अर्धा तास घसा फोडून झाल्यावर मामी म्हणाली, "त्याला लिही बाई, डोळे अजून शाबूत आहेत." म्हणून ऑफिसच्या प्रिंटरमधले चार कागद उचलून बसलेय.

बातमी अशी, की मला मोठं काम मिळालंय. आमचा प्रोग्राम काय करतो ते तुला माहीत आहे: दवाखान्यात नर्स मुलाचं वजन भरते आणि औषध किती द्यायचं ते प्रोग्राम सांगतो. हा प्रोग्राम म्हणजे ओळीखाली ओळ लिहिलेला मजकूर, आम्ही त्याला कोड म्हणतो. पंधरा-सतरा वर्षं ज्याला जसं सुचलं तसं त्याने लिहिलंय. आमच्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांनी, मला सांगितलं की कोड कसा लिहायचा याची नियमावली कर. मी केली. बावीस नियम. शिवाय एक चेकर बसवला. तो सगळा कोड वाचतो आणि जिथे नियम मोडलाय तिथे लाल खूण करतो.

पहिल्या दिवशी किती लाल खुणा निघाल्या असतील? चार हजार तीनशे अठरा. त्यातल्या तीन हजारांवर एकट्या मास्तरांच्या. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने. अट्ठावन्नाला आलेत. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतात आणि कानावर पेन्सिल असते, ती कशाला हे कुणी विचारलेलं नाही. स्वतःचा कोड पुटपुटत वाचतात, म्हणून मास्तर.

बाईंनी फर्मान काढलंय की महिनाअखेर लाल खुणा शून्य. यादी भिंतीवर लागलीय आणि प्रत्येक खुणेपुढे ती ओळ लिहिणाऱ्याचं नाव आहे. ही नावांची कल्पना कुणाच्या तरी डोक्यातून निघाली. पण कामाला वेग आलाय हे खरं.

माझी नोकरी अजून कच्ची आहे. हे नीट पार पडलं तर पक्की होईल. आशीर्वाद असू दे.

तुझी भाची

११ जून

चि. खडूबाईस मामाचा आशीर्वाद.

आमच्या पुढच्या खोलीची भिंत खडूने रंगवणारी पोर आता लोकांच्या रेघा मोजते हे वाचून मामीला हसू आवरेना. मला नाही आलं.

मी वायरमन माणूस, मला तुमच्या ओळींतलं काही कळत नाही. पण नियम कळतात. मी लायसन काढलं त्याच वर्षी नवा नियम आला, की घराच्या वायरिंगला तिसरी वायर, म्हणजे अर्थिंगची, हवीच. नियम शंभर टक्के बरोबर होता. शॉक लागून माणसं मरत होती. पण गावातली निम्मी घरं दोन वायरींवर उभी. महिनाअखेर सगळी बदला म्हटलं असतं तर सगळं गाव अंधारात बसलं असतं आणि घाईघाईत आम्ही जे जोडलं असतं त्याने आणखी चारजण मेले असते.

तेव्हाचे इन्स्पेक्टर शहाणे होते. ते म्हणाले, नवं घर नव्या नियमाने. जुन्या घराची जी भिंत काही कारणाने फोडाल, ती बुजवताना नव्या नियमाने. बाकीची घरं एका वहीत लिहून ठेवा. वहीतली नावं खोडायला परवानगी, वाढवायला नाही. त्या वहीची शेवटची पानं मी स्वतः खोडली आहेत. फक्त आपल्या कोठीच्या खोलीत अजून दोनच वायरी आहेत. दिव्याखाली अंधार, हे मामी रोज ऐकवते, तू नको ऐकवू.

आणि दुसरं. कापायच्या आधी विचारायचं, ही वायर कुणी ओढली आणि इथूनच का ओढली. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीने हे विचारलं नाही. एका बेकरीतल्या पंख्याची गोष्ट आहे. पुन्हा कधीतरी लिहीन.

त्या मास्तरांना तू काही विचारलंस का?

तुझा मामा

१९ जून

प्रिय मामा,

तुझं अर्धं पटलं, अर्धं नाही. चार हजार लाल खुणा तशाच ठेवल्या तर त्यात आज कुणी नवी चूक केली ती दिसणार कशी? लाल रंगाची सवय झाली की डोळा तिकडे बघतच नाही. एकदाच कंबर कसून सगळं साफ करायचं आणि मोकळं व्हायचं, असं माझं मत.

मी आठ दिवसांत सहाशे खुणा पुसल्या. एकटीने.

मास्तरांना विचारलं नाही, पण त्यांचा कोड वाचावा लागला. मामा, खरं सांगते, मला वाटलं होतं गबाळं असेल. नाहीये. लांबलचक आहे, आजच्या पद्धतीचं नाही, पण कुठेही बोट ठेव, त्या माणसाने तिथे थांबून विचार केलेला दिसतो. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर काय, वजन ग्रॅमऐवजी किलोत भरलं तर काय, मध्येच लाइट गेली तर काय. हे सगळं त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी, कुणी न सांगता केलंय. नर्सबाईंशेजारी आठवडाभर स्टुलावर बसून बघितलं होतं म्हणे.

चेकरने त्यांची एक खरी चूकही पकडली. एका ठिकाणी आकडा कोरा राहिला तर प्रोग्राम गप्प बसत होता. त्यांना दाखवली तर कानापर्यंत लाल झाले, दुपारच्या आत दुरुस्त केली आणि म्हणाले, "चांगलं यंत्र आहे हे. माणूस सांगायला लाजतो, हे लाजत नाही."

आता वाईट बातमी. बाईंनी यादी बघून ठरवलं की एक तारखेपासून मास्तरांनी कोडला हात लावायचा नाही. त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवणार. एवढ्या चुका करणारा माणूस औषधाच्या कामात नको, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी फक्त विचारलं, फोन सकाळी किती वाजता सुरू होतात.

मला नीट जेवण जात नाहीये. तशी माझी काही चूक नाही, यादी आकड्यांची आहे आणि आकडे खरे आहेत.

बेकरीचं काय झालं?

तुझी भाची

२४ जून

चि. खडूबाईस,

तुझं म्हणणं बरोबर आहे, लाल रंगाची सवय वाईट. मग चेकरलाच वही शिकवा की. जे आधीपासून आहे ते त्याने वहीत बघावं आणि गप्प बसावं. नवं दिसलं, किंवा कुणी जुन्याला हात लावला, तर बोंब मारावी. एवढं हुशार यंत्र आहे, तर त्याला एवढं जमेल.

बेकरीचं असं झालं. आमच्या गावात एक वस्ताद होते. त्यांनी केलेला वायरीचा जोड मी अजून डोळे मिटून ओळखीन. सात वेढे, ना सहा ना आठ, वर पट्टी अशी की नखाने शोधून टोक सापडू नये. बोर्ड उघडला की आतल्या वायरी भांग पाडल्यासारख्या. ते म्हणायचे, आत कोण बघतंय असं नाही, पुढच्या मिस्त्रीला बघायचं आहे. असा हात मी नंतर पाहिला नाही.

बेकरीचं वायरिंग त्यांचं. भट्टीच्या खोलीतला धूर ओढणारा पंखा त्यांनी मेन स्विचच्या आधीच, वेगळ्या फ्यूजवर जोडला होता. नियमाने प्रत्येक वस्तू मेन स्विचच्या मागे हवी. तर एक तरुण मिस्त्री, नुकतं लायसन मिळालेला, नाकाने कांदे सोलणारा, तिथे गेला. त्याने पंखा मेनच्या मागे घेतला. नियम पाळला. दोन दिवसांनी दुपारी मालकाने कणीक मळायचं यंत्र पुसायला मेन बंद केला. पंखाही थांबला. भट्टीत निखारे होतेच. आत पाव लावणारे दोघं धुराने बेशुद्ध पडले. वाचले, देवाची कृपा.

खापर वस्तादांवर फुटलं, कारण बोर्डावर त्यांचं नाव होतं. ते काही बोलले नाहीत. त्या मिस्त्रीनेही मूग गिळले. पुढे वस्तादांना मोठं काम कुणी दिलं नाही.

तू दोनदा लिहिलंस, "कुणाच्या तरी डोक्यातून" आणि "माझी काही चूक नाही." ती यादी कुणाच्या हातची आहे, पोरी?

मामा

२८ जून

मामा,

माझ्या हातची आहे. नावांचा रकाना मीच घातला. बाईंनी मागितला नव्हता. मला वाटलं, वा म्हणतील. म्हणाल्याही.

आता पुढचं ऐक. मी पुसलेल्या सहाशे खुणांमध्ये मास्तरांच्या आठ ओळी होत्या. डोस काढण्याआधी मुलाचं वजन तपासायच्या. आणि डोस पडद्यावर दाखवण्याआधी त्याच आठ ओळी परत, जशाच्या तशा. माझा नववा नियम: एक गोष्ट दोनदा लिहायची नाही. मी दुसऱ्या आठ ओळी उडवल्या. आमच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. मंगळवारी हे दवाखान्यांत जाणार होतं.

मास्तरांची एक पद्धत आहे, आम्ही सगळे त्याला हसायचो. काहीही बाहेर पाठवायच्या आधी ते दारावरच्या रखवालदाराला बोलवतात, शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवतात आणि दोघं एकाच वेळी एकाच मुलाची माहिती भरतात. अकरा वर्षं तो रखवालदार त्यांची दुसरी नर्स आहे. त्याची टोपी काढून ठेवायची जागासुद्धा ठरलेली आहे. काल दुपारी मास्तर, ज्यांना चार दिवसांनी फोनवर बसायचंय, त्यांनी नेहमीसारखं रखवालदाराला बोलावलं. मास्तरांनी वजन भरलं, नऊ किलो. डोस निघत असतानाच रखवालदाराने ते दुरुस्त केलं, सहा किलो. पडद्यावर वजन सहा आलं आणि डोस नऊचा. दीडपट, मामा. सहा किलोच्या बाळाला.

त्या दुसऱ्या आठ ओळी ह्याच्यासाठी होत्या. मधल्या वेळात दुसऱ्या नर्सने वजन बदललं का, ते बघायला.

मास्तर माझ्या टेबलाशी आले, स्टूल ओढून बसले. कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "एवढ्या आठ ओळी परत ठेव. आणि वर कारण लिही. मी तेव्हाच लिहायला हवं होतं. कारण लिहायची पद्धत नव्हती आमच्यात, ती माझी चूक." मी विचारलं, बाईंना सांगितलंत? म्हणाले, "कशाला? बाहेर कुठे गेलंय?"

हा माणूस चार ओळींचं एक पत्र बाईंना लिहून स्वतःची खुर्ची वाचवू शकला असता आणि माझी घालवू शकला असता. त्यांच्या मनातही आलं नाही. मी एवढी मोठी झाले, पण असं मोठेपण इतक्या जवळून बघितलं नव्हतं. मला रडू आलं तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढून दिली आणि म्हणाले, कारण आधी कागदावर लिही, मग टाइप कर, चांगलं होतं.

परवा सोमवारी बैठक आहे. मी गप्प राहिले तर कुणालाही काही कळणार नाही. बोलले तर माझी नोकरी पक्की व्हायची राहील, कदाचित राहणारच नाही. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी भाची

१ जुलै

चि. खडूबाईस,

तो मिस्त्री मी होतो.

तुला एव्हाना कळलंच असेल, तू काही बावळट नाहीस. मामीला लग्नानंतर बारा वर्षांनी सांगितलं. तिच्यानंतर तूच.

दवाखान्याच्या ओट्यावर वस्ताद आणि मी उभे होतो. आत ते दोघं पाववाले शुद्धीवर येत होते. मी म्हणालो, मी मालकाला सांगतो. वस्ताद म्हणाले, "तुझं लायसन जाईल. बोर्डावर माझं नाव आहे, राहू दे." आणि मी राहू दिलं. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, मला तेच हवं होतं म्हणून. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांत उजेड केला, पण तेवढं एक माझ्याच्याने उजेडात आणवलं नाही. वस्ताद गेले तेव्हा खांदा द्यायला गेलो, पण मागे उभा राहून परत आलो.

तेव्हा तुला सांगतो, बोल. मास्तर सांगतील राहू दे, तरी बोल. अशी मोठी माणसं आपली चूक पोटात घालतात आणि आपण ती त्यांच्या पोटात राहू देतो. ते त्यांचं मोठेपण असतं, आपलं नसतं. नोकरी गेली तर ये इकडे, कोठीच्या खोलीचं वायरिंग दोघं मिळून करू.

मामा

६ जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र बैठकीनंतर चार दिवसांनी पोचलं. तोवर मी बोलून मोकळी झाले होते. पण बरं झालं उशिरा आलं. नाहीतर जन्मभर वाटलं असतं की मामाने सांगितलं म्हणून बोलले.

पत्र वाचून मी ते कुणाला दाखवलं नाही. तुझ्याबद्दल माझं मत होतं तेच आहे. थोडं वाढलंय.

बैठकीत उभी राहिले. आधी सांगितलं, नावांचा रकाना माझी कल्पना. मग प्रोजेक्टरवरून भिंतीवर तारखा दाखवल्या. कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती कधी लिहिली याची नोंद असते. मास्तरांच्या तीन हजार लाल ओळींतली सगळ्यांत नवी ओळ सहा वर्षांपूर्वीची. माझे नियम मे महिन्यातले. म्हटलं, नियम नंतर आला, मग मोडला कसा म्हणायचा? उलट त्यांच्या खणात पंधरा वर्षांपूर्वीचा एक कागद सापडला, आठ नियमांचा, त्यांनीच स्वतःपुरता केलेला. तो घेऊन मी त्यांचा कोड तपासला. एकही नियम कुठे मोडलेला नाही.

मग माझी चूक सांगितली. सांगून समजेना, म्हणून रखवालदाराला आत बोलावलं. त्याने टोपी काढली आणि ठेवायला नेहमीची जागा नाही म्हणून गोंधळला. शेवटी बाईंनी ती स्वतःच्या हातात घेतली. त्या आठ ओळी नसलेला प्रोग्राम लावला आणि मी मास्तरांच्या जागची नर्स झाले, तो दुसरी. सहा किलो, नऊचा डोस. बाई उठल्या, रखवालदाराला बाजूला सरकायला सांगून स्वतः टाइप करून बघितलं. दोनदा. मग टोपी त्याला परत दिली आणि म्हणाल्या, "फोनवर दुसरं कुणीतरी बसेल."

माझी नोकरी पक्की व्हायला आणखी सहा महिने. हे बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि ते योग्यच आहे.

आता तुझ्या इन्स्पेक्टरांची वही आमच्याकडे चालू झालीय. भिंतीवरची यादी काढली, वहीत नावं नाहीत. आहे ते वहीत, चेकर त्यावर गप्प. नवी ओळ नव्या नियमाने. जुन्या ओळीला हात लावलास तर तेवढी नव्या नियमाने, पण आधी ती तशी का होती ते शोधून. वही वाढली तर काम बाहेर जात नाही. मास्तरांना बाईंनी तेविसावा नियम लिहायला सांगितला. त्यांनी दोन दिवस घेतले. नियम असा: जिथे नियम मोडायलाच हवा, तिथे मोडा आणि वर कारण लिहा, पुढच्या माणसाला बघायचं आहे.

तुझे वस्ताद हेच म्हणायचे ना? मी पेनने खूण केली आणि तुझं पत्र परत काढून वाचलं.

आणि एक. मी सकाळी येते तेव्हा वहीतली एक खूण कमी झालेली असते. रोज एक. मास्तर चहाच्या आधी एक ओळ सुधारतात आणि वर कारण लिहितात. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. अशाने पाचशे होतील, तीन हजार नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "मला सगळ्या कुठे करायच्यात? कारणं फक्त मला माहीत आहेत त्या करायच्यात." आता मी स्टूल घेऊन शेजारी बसते आणि ते सांगतात ते लिहून घेते. रखवालदार मात्र आपली खुर्ची सोडायला तयार नाही.

मामा, एक विचारू? वस्तादांच्या घरी आता कोण असतं?

तुझी भाची

१७ जुलै

चि. खडूबाईस,

त्यांची मुलगी असते. साठीची आहे, शाळेतून निवृत्त झाली. दोन गल्ल्या सोडून. चाळीस वर्षं मी ती गल्ली चुकवून बाजारात जातो.

काल गेलो. मामी दारापर्यंत आली आणि म्हणाली, आता आत तुम्ही एकटे जा. वस्तादांच्या मुलीने पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पंख्यापासून दवाखान्याच्या ओट्यापर्यंत. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

त्या काहीतरी म्हणाल्या. नेमकं तेच मला ऐकू येईना. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. वर बघायला नको म्हणून त्यांच्या स्विचबोर्डाकडे बघत राहिलो. वस्तादांच्या हातचा. दोन वायरींचा, वहीतून निसटलेला. पण आतला भांग अजून तसाच असणार, झाकण न उघडता मला कळलं. माझे डोळे भरून आले ते त्यांनी बघितलं आणि टेबलावरचा कागद घेऊन त्यावर लिहून दिलं. तो कागद मी खिशात घालून आणलाय. तुला उतरवून देतो, मूळ देणार नाही.

"मला माहीत होतं. बाबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले होते, पोरगा चांगला आहे, एक दिवस सांगायला येईल, तेव्हा त्याला बसायला खुर्ची दे. तुम्ही अजून उभेच आहात."

मग बसलो. चहा झाला. निघताना त्यांनी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, की न्हाणीघराची भिंत ओल आल्याने फोडायची आहे, सोमवारी येता का. जातो आहे. तेवढी भिंत नव्या नियमाने करीन, बाकीचं वस्तादांचं आहे तसं ठेवीन. बोर्डाच्या आत एक चिठ्ठी लावणार आहे, कुणी काय केलं आणि का केलं त्याची. खाली माझं नाव घालीन.

मामा